गानं कवा सुरू होनार?



आमचा पुतण्या मुंबईला असतो. मागच्या महिन्यात तो जवळा बाजारला आला आणि पिशवीतून त्याने एक तवा काढला. जुन्या वाचकांना तवा म्हणजे काय ते सांगायला नको. नव्या पोरांसाठी सांगतो, की गाण्याच्या रेकॉर्डला आपल्याकडे तवा म्हणत. भाकरीच्या तव्यासारखाच काळा आणि गोल. वहिनींनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "मुंबईहून येताना लेकरायला खाऊ आनायचं सोडून हे काय आनलं रे?" पुतण्याने तो चोरबाजारातून घेतला होता. किंमत त्याने आईसमोर सांगितली नाही, म्हणून आम्हीही ती इथे छापत नाही.

तव्याचे नाव 'ऑल डायरेक्शन्स', म्हणजे सर्व दिशा. गाणाऱ्यांचे नाव 'द टेम्प्टेशन्स'. टेम्प्टेशन म्हणजे मोह. विहारात आपल्याला मोहापासून दूर राहायला सांगतात आणि इथे पाच जणांनी आपल्या गायन पार्टीलाच ते नाव दिलेले! ही अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गायन पार्टी आणि तवा १९७२ सालचा. त्याच वर्षी २९ मे रोजी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. ते नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ज्यांचे नाव आपण घेतले त्यांच्या वस्तीत त्या वर्षी कोणते गाणे वाजत होते, हे मात्र आम्हाला इतकी वर्षे माहीत नव्हते.

तवा आला, पण वाजवायचा कशावर? आमच्या गल्लीत एक काका आहेत. पूर्वी लग्नात, जयंतीत लाऊडस्पीकर लावायचे. मंडपाच्या बांबूला कर्णा बांधायचा आणि दिवसभर तवे वाजवायचे, हा त्यांचा धंदा. कॅसेट आली, मग सीडी, मग डीजे. काकांचा धंदा गेला, पण मशीन त्यांनी पलंगाखाली फडक्यात गुंडाळून ठेवले होते. आतले रबर ढिले पडले होते, ते त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवले. सुई उड्या मारू लागली तेव्हा तिच्या दांडीवर एक रुपयाचे नाणे ठेवले. पहिल्यांदा पंचेचाळीसच्या गतीवर लागला, तेव्हा पाचही गायकांचे आवाज चिमण्यांसारखे झाले आणि पोरे हसून लोळायला लागली. मग काकांनी खटका तेहेतिसावर आणला.

पहिले गाणे नाचाचे. त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पोरे नाचली एवढे पुरे.

दुसऱ्या गाण्याचे नाव 'रन चार्ली रन'. पळ चार्ली, पळ. 'मिस्टर चार्ली' हे काळ्या लोकांनी गोऱ्या मालकाला आपसात ठेवलेले नाव. गाण्याचा विषय असा की गोऱ्यांच्या वस्तीत एक काळे कुटुंब राहायला येते आणि शेजारचे गोरे घर विकून पळत सुटतात. गायकांनी त्यांची नक्कल करून अशी टर उडवली आहे की शब्द न कळूनही हसू येते. पुतण्याने अर्थ सांगितल्यावर मात्र आमचे हसणे थांबले. आम्ही नोकरीसाठी तालुक्याच्या ठिकाणी खोली शोधत फिरलो होतो ते दिवस आठवले. घरमालक खोली दाखवायचे, भाडे सांगायचे, नळ कुठल्या वेळी येतो तेही सांगायचे. शेवटी आडनाव विचारायचे. आडनाव सांगितले की खोली कालच गेलेली असायची. आपल्याकडे निदान कुणी घर विकून पळत नाही, दार लावून घेतात.

ज्या डेट्रॉइट शहरात ही गायन पार्टी तयार झाली, तिथे १९४१ साली एक भिंत बांधली गेली. सुमारे अर्धा मैल लांब, सहा फूट उंच. एका बिल्डरला काळ्यांच्या वस्तीशेजारी गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. काळ्यांच्या शेजारच्या घरांना सरकारी कर्जहमी मिळत नव्हती. मग दोन्ही वस्त्यांच्या मधे भिंत घातली आणि हमी मिळाली! पुढे भिंतीच्या दोन्ही बाजूंना काळीच कुटुंबे राहायला आली आणि भिंत नुसतीच उभी राहिली. तामिळनाडूत मदुराई जिल्ह्यातल्या उथापुरमची भिंत वाचकांना आठवत असेल. दलितांची वस्ती वेगळी पाडण्यासाठी १९८९ साली बांधलेली ती भिंत २००८ साली थोडीशी पाडली गेली. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाख होती, ती २०१० साली सात लाखांच्या थोडी वर राहिली. कारखाने गेले हे त्याचे एक कारण आणि चार्ली पळाला हे दुसरे.

आता तिसरे गाणे. ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते हेच.

सुरुवातीला एक जाड तारेचा आवाज येतो, मोजकेच सूर, तेच ते पुन्हा पुन्हा. त्याच्या मागे झांजेची बारीक टिकटिक. मग व्हायोलिन, मग कुठून तरी लांबून आल्यासारखा ट्रंपेट, मग एक गिटार, जी माणूस तोंड उघडून मिटावे तशी 'वाँव वाँव' करते. टाळ्या पडतात. एक मिनिट गेले, दोन गेली, गाणारा कुणीच नाही. काकांनी वाकून सुई पाहिली. तवा अडकला असे त्यांना वाटले. वहिनींनी विचारले, "गानं कवा सुरू होनार?" पुतण्या म्हणाला, "थांब ना माय." जवळजवळ चार मिनिटे अशी गेल्यावर एक खरखरीत आवाज उठला, फार थकलेला, आतून चिडलेला.

गाण्याचे नाव 'पापा वॉज अ रोलिन स्टोन'. बाप म्हणजे घरंगळत जाणारा धोंडा, एका जागी न टिकणारा. बाप मेला आहे. मुलांनी त्याला कधी पाहिलेले नाही. लोकांच्या तोंडून जे ऐकले ते सगळे वाईटच. काम करत नव्हता म्हणे, दारू पीत होता म्हणे, दुसरीकडे त्याचा आणखी एक संसार होता म्हणे. मुले एकेक करून आईला विचारतात, हे खरे का? प्रत्येक मूल वेगळ्या आवाजात विचारते. एकाचा आवाज विहिरीतून यावा इतका खोल, एकाचा बाईसारखा बारीक. आई प्रत्येकाला तेच एक उत्तर देते. बापाला शिव्या देत नाही आणि त्याची बाजूही घेत नाही. असे जवळपास बारा मिनिटे चालते.

पुतण्या अर्थ सांगत होता तेव्हा खोलीत पाच-सहा बायका बसलेल्या होत्या. त्यातल्या एकीचा नवरा ऊसतोडीला म्हणून गेला तो आठ वर्षे झाली परतला नाही. तिची दोन लेकरे तिथेच मशीनजवळ बसून तवा फिरताना पाहत होती. कुणी काही बोलले नाही.

या प्रकारच्या गाण्याला तिकडे 'सायकेडेलिक सोल' म्हणतात. 'सोल' म्हणजे आत्मा. आत्म्याचे आपले काय मत आहे ते वाचकांना माहीतच आहे, पण तिकडे या शब्दाचा अर्थ काळ्यांच्या चर्चमधल्या भजनातून निघालेले, पोटातून येणारे गाणे असा आहे. 'सायकेडेलिक' हा शब्द डॉक्टरी. हंफ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने तो १९५६ साली काही नशिल्या औषधांसाठी बनवला. पुढे गोऱ्या तरुणांच्या संगीतात तो आला आणि घुमणारे, ताणलेले, डोके गरगरवणारे आवाज म्हणजे सायकेडेलिक, असे झाले. नशेशी या शब्दाचा संबंध आहे आणि तो आम्ही लपवत नाही. पण आम्ही ऐकलेल्या गाण्यात नशेचे गुणगान नाही. नशा करणाऱ्याच्या घरात मागे काय उरते, ते आहे.

ही गायन पार्टी १९६१ साली उभी राहिली. गाणारे बहुतेक दक्षिणेकडच्या अलाबामा, टेक्सास, मिसिसिपी या राज्यांत जन्मलेले. त्यांची घरे कापसाचा मुलूख सोडून मोटारींच्या कारखान्यांच्या आशेने उत्तरेला आलेली. आपली माणसे मराठवाड्यातून मुंबई-पुण्याला जातात तसेच. बेरी गॉर्डी या काळ्या माणसाने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली. तो आधी मोटारीच्या कारखान्यात कामगार होता. कारखान्यात सुटे भाग एका हातातून दुसऱ्या हातात जात शेवटी गाडी बाहेर पडते, तशी त्याने गाणी काढली. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे, उभे कसे राहायचे हे शिकवणारेही वेगळे. एका राहत्या घरात स्टुडिओ होता. टेम्प्टेशन्स तेव्हा एका रंगाचे सूट घालून, एका तालात पाय टाकत प्रेमाची गाणी म्हणत. 'माय गर्ल' हे त्यांचे गाणे १९६५ साली सगळ्या अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, गोऱ्यांच्या घरातही वाजले.

मग १९६७ च्या जुलैत डेट्रॉइट पेटले. पोलिसांनी एका ठिकाणी टाकलेल्या धाडीवरून सुरू झाले आणि पाच दिवसांत ४३ माणसे मेली. पुढच्या वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. अशा वेळी सूट घालून प्रेमाची गाणी किती दिवस म्हणणार? कंपनीतला गाणी बसवणारा नॉर्मन व्हिटफिल्ड आणि शब्द लिहिणारा बॅरेट स्ट्राँग यांनी १९६८ पासून या पाच जणांकडून वस्तीची गाणी म्हणवून घ्यायला सुरुवात केली. 'क्लाउड नाईन' हे त्यातले पहिले. त्या गाण्याने मोटाउनला पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिला. पुढे १९७० साली युद्धाविरुद्ध एक गाणे टेम्प्टेशन्सच्याच आवाजात तयार झाले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. जुने गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून कंपनीने ते त्यांच्या आवाजात वेगळे काढलेच नाही. एडविन स्टार या दुसऱ्या गायकाकडून म्हणवले आणि ते पहिल्या क्रमांकावर गेले!

आणि गाणाऱ्यांना स्वतःला हे सगळे आवडत होते का? नव्हते, हीच तर गंमत. त्यांना आपली जुनी गोड गाणी हवी होती. बारा मिनिटांच्या गाण्यात चार मिनिटे वाद्येच वाजणार, आपण नुसते उभे राहायचे, याचा त्यांना राग होता. खरखरीत आवाजाचा डेनिस एडवर्ड्स तर फारच चिडलेला. त्याचे वडील पाद्री होते, घर सोडून भटकणारे नव्हते. असल्या बापाचे गाणे मी का म्हणू, असे त्याला वाटे. व्हिटफिल्डने त्याच्याकडून सुरुवातीची ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. तो वैतागला, थकला, तेव्हा जो आवाज निघाला तोच तव्यावर ठेवला. आम्हाला ऐकू आलेली चीड खरी होती, मुलाची बापावरची नसून गायकाची मास्तरवरची होती. हे कळल्यावर गाणे कमी वाटायला हवे होते. आम्हाला तसे वाटले नाही.

डिसेंबर १९७२ मध्ये हे गाणे पहिल्या क्रमांकावर होते आणि त्याला तीन ग्रॅमी मिळाले. त्यातला एक निव्वळ वाद्यांच्या बाजूला, म्हणजे वहिनी ज्यात कंटाळल्या त्या भागाला! तो बक्षीस म्हणून व्हिटफिल्ड आणि वाद्यमेळ बसवणारा पॉल रायझर यांना गेला. वाजवणाऱ्यांचे काय? मोटाउनचे वादक वर्षानुवर्षे एकेका गाण्यामागे राबले, पण १९७१ पर्यंत तव्याच्या पाकिटावर त्यांची नावेही छापली जात नव्हती. आणि १९७२ सालीच कंपनीने डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिसला बस्तान हलवले. पार्टी बांधणाऱ्यांपैकी पॉल विल्यम्स दारूने आजारी पडून १९७१ सालीच बाहेर पडला होता आणि १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्याचा अंत झाला. वय अवघे ३४. आपल्या गायन पार्ट्यांतही ज्यांचे गळे असेच गेले त्यांची नावे वाचकांच्या मनात आली असतील. ती मनातच राहू द्या.

आम्हाला या सगळ्यात सर्वात जास्त वाटले ते त्या बारा मिनिटांचे. का ते सांगतो. जुना लाखेचा तवा मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. आपले आंबेडकरी जलसे रात्र-रात्र चालत. भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादांचे गाणे, गावोगावच्या गायन पार्ट्या, सवाल-जवाबाच्या कव्वाल्या, यांना घड्याळ नव्हते. एक कडवे म्हटले की गायक थांबे, समजावून सांगे, मागच्या गावात काय घडले ते सांगे, कुणाच्या घरात दारू शिरली ते सांगे, समोरच्या म्हाताऱ्याला नावाने हाक मारी आणि मग पुढचे कडवे. तव्यावर यातले काय आले? चाल आली, मुखडा आला, दोन कडवी आली. मधले सगळे मंडपात राहिले आणि मंडप सुटला तसे गेले. लांब तवा, म्हणजे मिनिटाला तेहेतीस फेरे घेणारा, आला तेव्हा एका बाजूला वीस मिनिटांच्या वर मावू लागले. पण आमच्या लोकांना वीस मिनिटे देणार कोण? डेट्रॉइटच्या या पोरांना बारा मिनिटे मिळाली, तीही त्यांच्या मनाविरुद्ध, एका हट्टी मास्तरमुळे. वामनदादा २००४ च्या मे महिन्यात गेले आणि प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी जूनमध्ये. त्यांचे तवे-कॅसेटी आहेत, गाणी तोंडोतोंडी आहेत, पण दोन कडव्यांच्या मधले त्यांचे बोलणे ज्यांनी ऐकले ते म्हातारे आता थोडेच उरलेत.

काका हे ऐकून म्हणाले, "मी कर्णा लावायचो तवा म्या हजार वेळा ऐकलंय ते मधलं बोलनं. टेप करून ठेवावं असं कवा सुचलं नाही."

आता घरातले भांडण. चौदा एप्रिलला आमच्या गल्लीत दोन पक्ष पडतात. पोरांना डीजे हवा, काकांसारख्यांना गायन पार्टी हवी. काकांचे म्हणणे, डीजेने छाती धडधडते आणि शब्द कळत नाहीत. पुतण्या डीजेच्या बाजूचा. तो म्हणाला, "काका, तुम्ही आत्ता चार मिनिटं नुसता ठोका ऐकला ना? एक शब्द नव्हता. उठून का नाही गेलात?" काका गप्प. आम्हीही त्या क्षणी गप्पच होतो, कारण आम्ही काकांच्या बाजूचे. नंतर विचार केला तेव्हा वाटले, की त्या चार मिनिटांनंतर एक माणूस येऊन बापाबद्दल विचारणार होता, म्हणून ती चार मिनिटे चालली. डीजेच्या ठोक्यानंतर कोण येऊन काय विचारणार आहे? हे आम्ही पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "तुम्ही लिहा ना मग काहीतरी, आम्ही वाजवतो." हे उत्तर आम्हाला टोचले आणि अजून टोचते आहे.

तव्याची दुसरी बाजू आम्ही त्याच संध्याकाळी ऐकली. खरे सांगायचे तर तिच्यात पहिल्या बाजूचे बळ नाही. प्रेमाची एक-दोन गाणी चांगली म्हटली आहेत. पुढे वर्षा-दोन वर्षांत टेम्प्टेशन्स आणि व्हिटफिल्ड यांचे फाटले. आज त्यांतला ओटिस विल्यम्स हाच एक सुरुवातीपासूनचा, बाकी पार्टीत माणसे बदलत गेली. डेनिस एडवर्ड्स २०१८ साली गेला.

पुतण्या परत जाताना तवा काकांकडे ठेवून गेला, कारण मुंबईच्या खोलीत मशीन नाही. गेल्या आठवड्यात आम्ही काकांकडे गेलो तर ऊसतोडीवाल्याची ती बाई आपल्या दोन्ही लेकरांना घेऊन बसलेली. तिने काकांना तेच गाणे लावायला सांगितले होते. थोरल्याने आम्हाला विचारले, "त्या पोरायचा बाप शेवटी कुठं होता?" आम्ही म्हणालो, गाण्यात ते सांगितलेले नाही. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काकांना म्हणाली, "ते सुरुवातीचं बिनबोलाचं तेवढं पुन्हा लावा." काकांनी सुई उचलून मागे नेली.

काका आता म्हणताहेत की येत्या चौदा एप्रिलला गायन पार्टी येण्याआधी विहाराच्या अंगणात हा तवा कर्ण्यावर लावायचा. समितीतल्या एकाला ते पटलेले नाही, इंग्रजी गाणे कशाला म्हणतो. बैठक रविवारी आहे.